अनुभवाचे माप

विद्यापीठाचा प्रवेश-अर्ज हा काही वाङ्मयाचा प्रकार नव्हे. परंतु माणसाने स्वतःविषयी काय मत करून घेतले आहे हे त्या अर्जाच्या रकान्यांतून जितके स्पष्ट दिसते तितके पुष्कळ आत्मचरित्रांतूनही दिसत नाही, असा माझा अनुभव आहे. महाविद्यालयातील नोकरीतून निवृत्त झाल्यावर काही वर्षे मी एका मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रावर दर रविवारी संमंत्रक म्हणून जात असे. तेथे येणारे विद्यार्थी तिशी-चाळिशीचे, क्वचित पन्नाशीचेही असत. कोणी गिरणीतून काढलेले, कोणी कचेरीत शिपाई, कोणी मुलांची लग्नकार्ये उरकून मोकळ्या झालेल्या गृहिणी. अर्ज भरण्याच्या दिवसांत त्यांच्या शेजारी बसणे हे माझ्याकडे आलेले काम होते.

अशाच एका रविवारी चाळिशी ओलांडलेल्या एक अंगणवाडी सेविका अर्ज भरावयास बसल्या. नाव लिहून झाले, पत्ता झाला, आणि 'शैक्षणिक पात्रता' या रकान्यापाशी त्यांची लेखणी थबकली. मग त्यांनी बारीक अक्षरात 'नववी' एवढे लिहिले, आणि त्याखालच्या 'अनुभव' या रकान्यात एक आडवी रेघ ओढून दिली. मी म्हणाले, "ताई, एकोणीस वर्षे आपण अंगणवाडी चालवता ना? मग येथे रेघ का?" त्यावर त्या सहज म्हणाल्या, "बाई, ते काम आहे. ते शिक्षण थोडंच आहे?"

आज मला आपणांशी जे बोलावयाचे आहे ते सारे या एका उत्तरात आहे. शाळेबाहेर, कामाच्या ठिकाणी, घरात, संसाराच्या रगाड्यात माणूस जे शिकतो त्यास विद्यापीठाने ज्ञान म्हणून मान्यता द्यावी काय. आणि दिली, तर त्या माणसाच्या मनात स्वतःचे जे चित्र असते त्याचे काय होते, हा आपला प्रश्न. जगात या पद्धतीला पूर्वशिक्षणाची मान्यता असे म्हणतात. तिचे तत्त्व थोडक्यात असे. केवळ अमुक इतकी वर्षे काम केले म्हणून कोणी काही देत नाही. एकाच चुकीची वीस वर्षे पुनरावृत्ती करणारेही आपण पाहतो. त्या कामातून माणूस काय शिकला, ते त्याला दाखविता येते काय, आणि विद्यापीठ जे शिकविते त्याच्या तोडीचे ते आहे काय, एवढेच पाहावयाचे. ते तसे असेल तर त्यास प्रवेश द्यावयाचा, किंवा अभ्यासक्रमाचा तेवढा भाग त्याने पुरा केला असे धरावयाचे.

येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे, तो माफी आणि मान्यता यांतला. इंग्लंडात १९६९ साली मुक्त विद्यापीठाला सनद मिळाली आणि १९७१ च्या जानेवारीत त्याचे पहिले विद्यार्थी अभ्यासाला लागले. प्रवेशासाठी कोणत्याही परीक्षेची अट नाही, हे त्याचे वैशिष्ट्य. आपल्याकडे १९८२ साली आंध्र प्रदेशात, १९८५ साली दिल्लीस इंदिरा गांधींच्या नावाने, आणि १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाणांच्या नावाने अशी विद्यापीठे निघाली. ज्यांची बारावी झालेली नव्हती त्यांच्यासाठी नाशिकच्या विद्यापीठाने पूर्वतयारीचा शिक्षणक्रम काढला, आणि शाळा सुटलेल्या किती तरी प्रौढांना पदवीची वाट मोकळी झाली. या संस्थांचे उपकार मी यत्किंचितही कमी लेखीत नाही. तथापि तेथे विद्यार्थ्याला जे मिळते ती माफी होय. 'तुमच्याजवळ जे नाही ते आम्ही मागत नाही', असे ती म्हणते. 'तुमच्याजवळ जे आहे ते आम्हाला दाखवा', असे मान्यता म्हणते. दार दोन्हींनी उघडते. परंतु पहिल्या दाराने आत येणारा मान खाली घालून येतो, आणि दुसऱ्या दाराने येणाऱ्याच्या हातात काही तरी असते.

या दुसऱ्या दाराचा विस्तार फ्रान्स देशाने सर्वांत अधिक केला आहे. तेथे १९३४ सालीच असा कायदा झाला की, विद्यालयाची पायरी न चढता प्रत्यक्ष कामातून अभियंता झालेल्या माणसास परीक्षकांपुढे येऊन अभियंत्याची सरकारमान्य पदवी मिळविता यावी. पुढे १९८५ साली अनुभवाच्या आधारावर विद्यापीठात प्रवेश देण्याची सोय झाली. आणि १७ जानेवारी २००२ च्या कायद्याने तर शाळा, उमेदवारी आणि नोकरीत असताना घेतलेले शिक्षण यांच्या बरोबरीने अनुभव हाही पदवीचा एक स्वतंत्र मार्ग ठरविला. वर्गात एक दिवसही न बसता संपूर्ण पदवी मिळू शकेल, अशी ही तरतूद आहे. आरंभी तीन वर्षांच्या अनुभवाची अट होती. २०१६ साली ती एका वर्षावर आणली गेली.

परंतु हे सोपे आहे असे कोणी समजू नये. उमेदवाराला आपल्या कामाचे एक सविस्तर टिपण लिहावे लागते. मी अमुक ठिकाणी अमुक हुद्द्यावर होतो, एवढे पुरत नाही. एखादा अवघड प्रसंग घेऊन, तेव्हा पुढे काय काय होते, त्यांतून कोणती गोष्ट निवडली, ती का निवडली, दुसरी का सोडली, पुढे काय घडले, हे सर्व मांडावे लागते. मग परीक्षकमंडळ समोर बसवून विचारपूस करते. त्या मंडळात प्राध्यापक असतात तसे त्या व्यवसायातले जाणतेही असतात. मंडळ पदवी पूर्ण देईल, तिचा काही भाग देईल, किंवा काहीच देणार नाही.

या टिपणाच्या लेखनातच माणूस पालटतो. अशा उमेदवारांना साह्य करणाऱ्यांचा अनुभव असा की, आरंभी पानेच्या पाने 'आम्ही' या शब्दाने भरतात. आम्ही हिशेब ठेवीत होतो, आम्ही रुग्णाला हलविले, आम्ही यंत्र दुरुस्त केले. परीक्षकाला मात्र विचारावयाचे असते, त्यात तुम्ही काय केले? आणि 'मी केले' हे दोन शब्द लिहिणे पुष्कळांना अतिशय जड जाते. आपल्या मराठीत तर अंग चोरून घेण्याची सोय याहून अधिक. 'मी केले' असे म्हणण्याऐवजी आपण 'झाले' म्हणतो, 'जमून गेले' म्हणतो. जणू काम आपोआप झाले आणि आपण केवळ जवळ उभे होतो! कोणी कौतुक केलेच तर 'त्यात काय एवढं' म्हणून ते परत करतो. स्त्रियांच्या तोंडी हे उत्तर विशेष. विनय हा गुण खरा. परंतु वर्षानुवर्षे 'त्यात काय एवढं' म्हणत गेलेल्या माणसाला शेवटी खरोखरच वाटू लागते की, त्यात एवढे काही नव्हतेच.

आता मी माझीच एक चूक सांगते. त्या सेविकाबाईंनी प्रवेश घेतला आणि नेमाने येऊ लागल्या. इतर विषय ठीक चालले होते; संख्याशास्त्राच्या प्रकरणाशी मात्र त्या अडल्या. आलेखाचे नाव काढले की त्यांचा चेहरा उतरे. "बाई, मला गणित कधी आलंच नाही," हे त्यांचे पालुपद. त्याच सुमारास मी विद्यार्थ्यांना आपल्या रोजच्या कामावर दोन पाने लिहून आणावयास सांगितले होते. त्यांच्या निबंधात पाऊण पान बालकांच्या वजनाविषयी होते. दर महिन्याला वजन कसे घ्यावयाचे, ताण-काटा टांगण्याआधी कसा तपासावयाचा, कार्डावर ठिपका कोठे द्यावयाचा, असा तपशील. मी तांबड्या शाईने तो मजकूर कंसात घातला आणि शेजारी लिहिले, 'तांत्रिक तपशील, गाळावा.'

पुढच्या रविवारी आलेखाचे प्रकरण पुन्हा निघाले. मी फळ्यावर एक आडवी व एक उभी रेषा काढली, आडव्या रेषेवर महिने लिहिले आणि उभ्या रेषेवर उदाहरण म्हणून किलोग्रॅम. त्या थोडा वेळ फळ्याकडे पाहत राहिल्या आणि एकाएकी म्हणाल्या, "अहो बाई, हे तर आमचं वजनाचं कार्ड झालं की!" मग खडू हाती घेऊन त्यांनीच वर्गाला समजावून सांगितले. खाली वय, बाजूला वजन. हिरवा पट्टा असेल तर बरे, पिवळा असेल तर सावध, नारिंगी असेल तर धावपळ. परंतु केवळ पट्ट्याकडे पाहून भागत नाही. रेघेचा कल पाहावा लागतो. मूल हिरव्या पट्ट्यात आहे, दिसावयास टवटवीत आहे, पण सलग दोन महिने रेघ आडवीच राहिली आहे, तर त्याच्या घरी लगेच गेले पाहिजे. कारण आजार अंगावर दिसण्यापूर्वी रेघेत दिसतो. उलट दुसरे मूल पिवळ्यात आहे, परंतु रेघ वर चढते आहे, तर त्याची आई योग्य तेच करीत आहे. तिला रागे भरू नये.

श्रोतेहो, आलेखातील स्थान आणि आलेखाचा कल यांतील फरक यापेक्षा स्वच्छ शब्दांत मी आयुष्यभर कोणाला शिकविला नव्हता. ज्या बाईला 'गणित कधी आलेच नाही' ती एकोणीस वर्षे गावातल्या प्रत्येक मुलाचा आलेख वाचीत आली होती आणि त्या वाचनावर निर्णय घेत आली होती. आणि हे तिने लिहून आणले असता मी ते गाळावयास सांगितले होते! कारण ते माझ्या ओळखीच्या वेषात आलेले नव्हते. वर्ग संपल्यावर मी तिची क्षमा मागितली. त्यावर तिने काय म्हणावे? "त्यात काय एवढं!"

मान्यतेचा परिणाम मनावर होतो तो असा. पूर्वायुष्य तेच राहते, त्यातली एकही घटना बदलत नाही. परंतु त्यांचा अर्थ पालटतो. ज्या वर्षांना माणूस 'शिक्षण सुटल्यानंतरची वर्षे' म्हणत होता ती त्याला शिक्षणाचीच वर्षे दिसू लागतात. आपण उशिरा आरंभ करीत नसून आरंभ केव्हाच झाला होता, हे कळणे प्रौढ विद्यार्थ्याला बळ देणारे असते. त्याचा वर्गातील आवाज बदलतो. तो शंका विचारू लागतो, आणि प्रसंगी पुस्तकाशी भांडूही लागतो.

पण या चित्राला दुसरी बाजू आहे. ती पाहावयाची तर दक्षिण आफ्रिकेकडे वळले पाहिजे. कारण तेथे हा प्रश्न प्रथमपासून न्यायाचा प्रश्न म्हणून उभा राहिला. खाणीत सुरुंग लावण्याच्या कामासाठी तेथे एक प्रमाणपत्र लागे, आणि १९२६ च्या कायद्याने अशी प्रमाणपत्रे काळ्या आफ्रिकी कामगारांना नाकारली गेली. दगडाची जात ओळखणारे, छिद्रे पाडणारे हात त्यांचे. प्रमाणपत्र देखरेख करणाऱ्या गोऱ्याच्या खिशात. ही बंदी १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीपर्यंत टिकली. भरीला १९५३ च्या बांटू शिक्षण कायद्याने काळ्या मुलांचे शालेय शिक्षणही जाणूनबुजून हलके करून टाकले. अर्थात वर्णभेदी राजवट कोसळू लागली तेव्हा तेथील कामगार संघटनांनी जी मागणी केली ती भिक्षेची नव्हती. आम्हाला येते आहे. ते येते असे तुम्ही लिहून द्या, ही त्यांची मागणी. १९९४ साली सत्तांतर झाले, १९९५ साली राष्ट्रीय पात्रता प्राधिकरणाचा कायदा झाला, आणि पूर्वशिक्षणाची मान्यता हे नव्या व्यवस्थेचे एक अधिकृत तत्त्व ठरले. केप टाउनच्या वेस्टर्न केप विद्यापीठासारख्या संस्थांनी प्रौढांना अनुभवाच्या आधारे प्रवेश देण्यास आरंभ केला.

आणि तेथेच या पद्धतीवरचे आक्षेपही तीव्रपणे मांडले गेले. पहिला आक्षेप असा की, माप विद्यापीठाचे, मोजणारा विद्यापीठाचा, आणि मोजले जाते ते मात्र दुसऱ्याचे आयुष्य. समजा, एखादा कामगार पुढारी आहे. रात्र-रात्र मालकाशी वाटाघाटी करून त्याने संप मिटविले आहेत. केव्हा ताणावे, केव्हा सोडावे, कोणाला कोणाच्या देखत बोलू द्यावे, हे त्याला कळते. विद्यापीठ त्याला म्हणते, 'औद्योगिक संबंध' या विषयावर निबंध लिही. जेवढे निबंधात मावले तेवढे ज्ञान. जे मावले नाही ते त्याने घरी न्यावे. अशा मोजणीतून तो विद्यार्थी होतो खरा, परंतु आपल्याच आयुष्याचा दुभाषा होऊन. घरच्या माणसांत एक भाषा, टिपणात दुसरी. आणि दुसरीत बोलताना आपण पहिलीशी प्रतारणा करीत आहो अशी टोचणी त्याला लागून राहते.

दुसरा आक्षेप मला याहून गंभीर वाटतो. नाकारला गेलेल्या माणसाचे काय? ज्याला शिकण्याची संधीच मिळाली नाही तो निदान असे तरी म्हणू शकत होता की, मला कोणी विचारले नाही, विचारले असते तर दाखविले असते. त्या एका वाक्यावर कित्येकांनी आपला मान सांभाळला आहे. आता त्याला विचारले गेले, त्याने आपली सारी हयात कागदावर मांडली, आणि परीक्षक म्हणाले, हे पुरेसे नाही. परीक्षेत नापास झालेला विद्यार्थी एका पुस्तकात नापास होतो. हा आपल्या आयुष्यात नापास झाल्यासारखा परततो. म्हणून मान्यता देण्याचा अधिकार ज्याच्या हाती आहे त्याने नाकारताना अधिक जपले पाहिजे, असे मला वाटते.

आणि सहाध्यायी? अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ पासून, सैनिकांनी सैन्यात घेतलेल्या शिक्षणाचे महाविद्यालयीन मोल ठरविण्याचे काम अमेरिकन शिक्षण परिषदेने हाती घेतले. १९४४ च्या कायद्यानंतर सुमारे २२ लक्ष माजी सैनिक महाविद्यालयांत दाखल झाले. एवढा मोठा समुदाय आला म्हणजे त्याची लाज कोणाला वाटत नाही. परंतु जेथे असा विद्यार्थी वर्गात एकटा असतो तेथे इतरांच्या डोळ्यांत एक प्रश्न असतोच: याने आमच्याइतके रक्त आटविले आहे काय? हा प्रश्न अनुदार असला तरी त्याचे उत्तर मापाच्या चोखपणानेच देता येते. सढळ हाताने, दयाबुद्धीने दिलेली मान्यता ही पुन्हा माफीच झाली. आणि ती घेणाऱ्याला मनातून ते ठाऊक असते.

महाराष्ट्राने अनुभवाच्या विद्येला मुळीच ओळखले नाही असे नाही. गिरणगावात वाढलेल्या नारायण सुर्वे यांनी १९६६ साली आपल्या काव्यसंग्रहाला 'माझे विद्यापीठ' हे नाव दिले आणि पुढे त्यांची कविता विद्यापीठांतून अभ्यासली गेली. खानदेशातील बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले. हे उचितच झाले. परंतु ज्या जिल्ह्यात विद्यापीठावर निरक्षर कवयित्रीचे नाव आहे, त्या जिल्ह्यातली एखादी चाळिशीची शेतकरीण त्याच विद्यापीठाच्या दारी आली, तर तिला काय विचारले जाईल, हे आपण जाणतो. अलौकिक बुद्धीच्या माणसांचा अनुभव आपण डोक्यावर घेतो. सामान्यांच्या अनुभवापुढे आडवी रेघ ओढतो.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर आता आपल्या देशातही ही रेघ पुसण्याची भाषा सुरू झाली आहे. २०२३ साली जाहीर झालेल्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात शिक्षणाचे ३० तास म्हणजे १ श्रेयांक असे परिमाण धरले असून, कामाच्या अनुभवालाही त्यात मोल देण्याची तरतूद आहे. विचार स्तुत्य आहे. माझी भीती एवढीच की, तास मोजणे सोपे आणि ऐकून घेणे अवघड असल्यामुळे आपण मोजणीवरच थांबू. एकोणीस वर्षांचे तास काढून त्यांना तिसाने भागणे कोणताही कारकून करील. रेघ आडवी राहिली म्हणजे घरी गेले पाहिजे, हे त्या बाईला कळते, हे शोधून काढावयास तिच्यापुढे बसावे लागते.

तेव्हा माझ्या अल्प मतीप्रमाणे तीन गोष्टी झाल्या पाहिजेत. मोजणाऱ्यांत त्या कामातला एक तरी जाणता असावा. नाही तर तो माझ्यासारखा तांबडी शाई घेऊन बसेल. जे लिहून सांगता येत नाही ते बोलून किंवा करून दाखविण्याची मुभा असावी. आणि नाकारावयाचे झाल्यास काय कमी पडले व ते कोठे मिळेल हे स्पष्ट सांगितल्यावाचून कोणासही परत पाठवू नये. यांतली एकही गोष्ट फारशा खर्चाची नाही. वेळ मात्र लागेल, आणि विद्यापीठांना आपला वेळ अशा माणसांवर खर्च करण्याजोगा वाटला पाहिजे.

जाता जाता त्या सेविकाबाईंविषयी. संख्याशास्त्रात त्यांना काही पैकीच्या पैकी गुण मिळाले नाहीत. जेमतेम उत्तीर्ण झाल्या. पुढल्या वर्षी पदवीच्या पहिल्या वर्षाचा अर्ज भरावयास त्या आल्या तेव्हा मी मुद्दाम शेजारी बसले नाही. नंतर अर्ज तपासताना पाहिले. 'अनुभव' या रकान्यात त्यांनी लिहिले होते: 'अंगणवाडी सेविका, वीस वर्षे.' आणि जागा उरली नव्हती म्हणून रकान्याच्या बाहेर, समासात, लहान अक्षरात: 'वजनाचे तक्ते वाचता येतात.'

अर्जाच्या नियमाप्रमाणे समासात लिहिणे वर्ज्य आहे. मी ते तसेच राहू दिले.